बकुळाबाईंची जागा

चांदणगडच्या ऑपेरा हाउससमोर चहाच्या टपरीशेजारी अजून जुनी पोस्टकार्डं विकायला असतात. खरी जुनी कधीच संपली, आता त्यांच्याच पिवळट नकला छापतात. चित्र एकच. दगडी पायऱ्या, वर गॅसचे दिवे, दोन्ही बाजूंना पगडीवाले मानकरी खांबासारखे उभे, आणि मधोमध एका माणसाएवढी मोकळी जागा. पाहुण्यांनी विचारलं, की गावातले वडीलधारे घसा खाकरून सांगतात, "ती नटराजाची जागा. आपल्याकडे पहिला मान देवाला."

देवाचा इथे काडीचा संबंध नाही. मागच्या पेटीवाल्यांच्या गल्लीत वेगळं सांगतात, आणि तिथे कुणी घसा खाकरत नाही.

हे थेटर रावबहादूर हरिपंतांनी उभं केलं, असं दारावरच्या दगडात कोरलंय. तो दगड आला कुठून ते कोरलेलं नाही. छप्पर चढेपर्यंत गाणाऱ्या बकुळाबाई गावोगाव जलसे करत फिरल्या, म्हणे, आणि पदरात पडलं ते सगळं या बांधकामात ओतलं. बदल्यात एकच मागितलं. थेटराचं पहिलं पोस्टकार्ड निघेल, त्यात मानकऱ्यांच्या रांगेत मधोमध मला उभं करा.

हौस नव्हती ती. घाटाखाली बहिणीच्या घरी बाईंची मुलगी वाढत होती, शेवंती. तिचं लग्न ठरलं होतं आणि सासरच्यांनी बजावलं होतं, गाणारी बाई मांडवात नको. बाईंना वाटलं, एवढ्या पगड्यांत आपण उभ्या दिसलो, तर त्या लोकांची तोंडं बंद होतील. पोरीच्या डोक्यावर चार अक्षता टाकता येतील.

रावबहादूर "हो, हो" म्हणाले. बांधकाम चालू होतं ना तेव्हा! फोटोवाला आला त्या दिवशी मात्र त्यांनी अंतोबाला बाजूला घेतलं. अंतोबा म्हणजे बाईंचा पेटीवाला. उभा जन्म त्यांच्या मागे मांडी घालून बसलेला. टाळ्या पडायच्या, तेव्हा लोकांना याची नुसती टोपी दिसायची.

"हे कार्ड विलायतेला जाणार, अंतोबा. त्यात ती नको."

"मग तसं सांगा की त्यांना, रावसाहेब."

"आम्ही कशाला वाईट व्हायचं? हे बघ, फोटो दिवेलागणीला काढणार. भिंगावरचं झाकण बराच वेळ उघडं राहतं. स्थिर उभा राहील तो कार्डावर येईल, हलत राहील तो येणार नाही. तिला म्हणावं, फोटोवाला सांगतोय, तुम्ही पायऱ्या उतरत राहा. तुझं ऐकते ती." मग त्यांनी एक पगडी पुढे केली. "आणि तू किती दिवस खाली बसणार, लेका? आज आमच्या रांगेत उभा राहा."

अंतोबाने पगडी घेतली. दमदाटी झाली नव्हती, घरात कुणी आजारी नव्हतं, पोटाचीही अडचण नव्हती. एकदा आपलं तोंड लोकांना दिसावं, एवढंच.

बाई अंजिरी शालू नेसून आल्या. "चालत राहायचं? पण लय बिघडली तर, अंतू?"

"मी शेजारीच आहे ना, बाई. मांडीवर ठेका धरतो. त्यावर उतरा, वळा, पुन्हा चढा. थांबू मात्र नका."

झाकण निघालं. बाई त्याच्या बोटांकडे कान लावून उतरल्या, वळल्या, चढल्या. तोंडावरचं हसू त्यांनी सारा वेळ ढळू दिलं नाही. झाकण बसलं तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"जमलं ना रे?"

"फार सुंदर, बाई."

कार्ड छापून आलं. रावबहादूरांच्या मिशीचा केसन् केस मोजून घ्यावा असं. मधे मात्र कोऱ्या पायऱ्या. बाईंनी ते दिव्याजवळ धरलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"तू छान आलायस, अंतू," त्या म्हणाल्या. "पगडी शोभते तुला. हात तेवढा पुसलाय."

खरंच पुसला होता. ठेका धरणाऱ्या हाताच्या जागी धुरकट डाग होता. अंतोबाने हात पाठीमागे घेतला. बाईंनी कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. त्या आठवड्यात त्यांनी चांदणगड सोडलं, आणि ज्या थेटरासाठी गळा झिजवला, तिथे एक सूरही लावला नाही.

शेवंतीचं लग्न आईविना लागलं. अंतोबा कार्ड घेऊन घाट उतरला. निदान पोरीला तरी खरं सांगू, असं ठरवून निघाला होता, म्हणतात. हळदीच्या हातांनी तिने कार्ड घेतलं.

"यात आई कुठंय, काका?"

त्याने कोऱ्या पायऱ्यांवर बोट ठेवलं. "इथं."

"इथं तर कुणीच नाही." ती कार्डावर वाकली. "आणि हा शेजारचा कोण? याचा हात असा कसा?"

आज डोक्यावर पगडी नव्हती, कार्डावरचा तो हाच, हे तिने ओळखलं नव्हतं. 'मी' म्हणायला एक श्वास पुरला असता.

"कुणी नाही, बाळ," अंतोबा म्हणाला. "रांगेतलाच एक."

तो जेवायलाही थांबला नाही.

थेटराचा पडदा पहिल्यांदा उघडायचा होता त्या संध्याकाळी पुन्हा फोटो ठरला. मानकरी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. बोडक्या डोक्याने अंतोबा आत घुसला आणि कोपराने त्यांना ढकलू लागला. "सरका. इथं बाई उभ्या आहेत."

"वेड लागलं काय रे याला?" रावबहादूर ओरडले. लोकांनी ओढलं, दोन तडाखे दिले. तो हलला नाही. तेव्हापासून त्या पायऱ्यांवर कॅमेरा लागला, की अंतोबा येऊन मधली जागा रिकामी राखायचा आणि तिच्या उजवीला उभा राहायचा, मरेपर्यंत. ती जागा कुणी भरली, तर फोटोची काच कोरी निघते, असं पुढे लोक म्हणू लागले. ते खोटं आहे. मोबाइलमध्ये सगळं नीट येतं, पोरांनी काढून बघितलंय.

तरी आजही तिथे लग्नाचं वऱ्हाड उभं राहो, शाळेचं गॅदरिंग नाहीतर आमदारांचा सत्कार, फोटोत मधोमध एका माणसाची जागा मोकळी सोडतात. आणि तिच्या उजवीला जो कुणी उभा असतो, तो आपला हात पाठीमागे नेतो. का नेतो, विचारलं तर त्याला सांगता येत नाही.