मुंजाजीची पाणंद

"मग माझं चुकलं कुठं, माय?"

मुंजाजी मठाच्या अंगणात उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल. वर ये म्हटलं तरी तो ओसरीवर चढला नाही.

सरूमाय मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तुझं चुकलं, असं मी म्हणलं का?"

"तू न्हाई म्हणलीस. गाव म्हणतंय. सकाळपासून कुणी माझ्याशी धड बोललं न्हाई. अन् शेषेरावाच्या घरावरून आलो तर..."

"तर?"

"त्याच्या बायकोनं मला पाहून दार लोटून घेतलं."

सरूमायनं आणखी एक शेंग उकलली. दाणे टोपलीत पडले.

लिंबाळवाडी हे काळ्या जमिनीतलं लहानसं गाव. तिथून डांबरी सडकेपर्यंत जायला एकच वाट, शेताशेतांमधून गेलेली पाणंद. उन्हाळ्यात ती दगडासारखी टणक आणि पावसाळ्यात गाडीचं चाक आसापर्यंत गिळणारी. त्यात दोन्ही बाजूंचे शेतकरी दरसाल नांगरताना एखादं तास, नांगराची एक रेघ, पाणंदीतून काढायचे. कुणी मुद्दाम, कुणी सहज. असं करता करता पाणंद एका बैलगाडीपुरती उरली होती.

मुंजाजीची बायको पारू कापसात खुरपत असताना तिला साप चावला. भर पावसाळा होता. मुंजाजीनं गाडी जुंपली. डांबरी अगदी समोर दिसत होती, तिथं गाडी रुतली. बैलांनी गुडघे टेकले. माणसं धावली, चाकांना खांदे लावले. गाडी हलली नाही. पारू मुंजाजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिथंच गेली.

त्यानंतर मुंजाजी मठात आला.

सरूमाय तेव्हाही अशीच ओसरीवर होती. तरुणपणी नवरा गेल्यावर ती या मठात आली, आणि गुरूंनी जाताना मठ तिच्या हवाली केला. गाव तिला माय म्हणे. लोक तिच्याकडे भांडणं घेऊन यायचे, दुखणी घेऊन यायचे. ती थोडं बोलायची. पुष्कळदा तेवढंही नाही.

"माय, मला दीक्षा दे," मुंजाजी म्हणाला होता. "आता संसारात मन न्हाई."

"बरं," ती म्हणाली होती. "आधी ती पाणंद चालण्याजोगी कर."

मुंजाजी कामाला लागला. टेकाडावरचा मुरूम खणायचा, गाडीनं वाहायचा, पसरायचा, धुमसानं ठोकायचा. दोन्ही कडांना त्यानं चर काढले. पाणी वाटेवर थांबेना. गावानं पाहिलं आणि एकेक माणूस घमेलं घेऊन यायला लागला. पाणंद खाल्लेल्यांना मुंजाजीनं काही सुनावलं नाही. पण तो समोर खाली मान घालून खणत असताना कुणाचा नांगर पुढे सरेना. सगळ्यांत आधी शेषेरावानंच आपला बांध मागे घेतला.

वाट झाली. अशी झाली की शेजारच्या गावची माणसं बघायला आली.

पारू जिथं गेली, तिथं मुंजाजीनं मुरूम चाळून टाकला. एक खडा राहू दिला नाही. तो स्वतः कधी त्या जागेवर पाय ठेवत नसे. कडेनं जायचा.

पहिल्याच ओल्या दिवसात एक ट्रॅक्टर तिथून गेला आणि खोल चाकोऱ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टर पुन्हा आला, तेव्हा मुंजाजी त्याच्यापुढं आडवा झोपला.

"हितं माझी पारू गेली," तो ओरडला. "तुम्हाला काही वाटतं का?"

ट्रॅक्टर मागं गेला. गाव खाली बघत उभं राहिलं.

मग मुंजाजीनं पाणंदीच्या दोन्ही तोंडांना खांब रोवून एकेक आडवं लाकूड टाकलं. जमीन ओली असली की लाकूड आडवं. गाडी नाही, ट्रॅक्टर नाही, ढोरं नाहीत. ती लाकडं पुढं मठाच्या अंगणात आली, आलेली माणसं त्यांच्यावर बसू लागली. पण त्या वर्षी ती पाणंदीवर होती. बाया दुधाच्या कॅना डोक्यावर घेऊन वाटेच्या कडेनं, चराच्या पलीकडून, चिखलातून जायच्या. कुणी कुरकुर केली नाही.

आणि काल दुपारी शेषेरावाच्या सुनेला, शोभाला, कळा सुरू झाल्या.

शेषेरावानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तिला निजवलं. पाणंदीपाशी आला. लाकूड आडवं होतं. मुंजाजी टेकाडावर मुरूम खणायला गेलेला. हाका मारल्या, पण वाऱ्यात ऐकू गेल्या नाहीत. ट्रॅक्टरवर चार माणसं होती. एकानंही खाली उतरून लाकूड उचललं नाही.

शेषेरावानं ट्रॅक्टर स्वतःच्या कापसात घातला. थोडं पुढं जाऊन तो रुतला. मग माणसांनी घरून बाज आणली आणि शोभाला खांद्यावरून डांबरीपर्यंत नेलं. तिथून जीप मिळाली. संध्याकाळी तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

हे सगळं मुंजाजीला कळलं ते आज सकाळी.

"मी तिथं असतो तर लाकूड उचललं नसतं का, माय? माझ्या बायकोचं झालं, ते मी दुसऱ्याच्या लेकीचं होऊ दिलं असतं?"

"न्हाई."

"कुलूप हाय का त्याला? एका हातानं उचलता येतं. मग कामून न्हाई उचललं त्यांनी?"

सरूमायचे हात थांबले.

"तुला काय वाटतं?"

अंगणातल्या लिंबावरून पाणी ठिबकत होतं.

"...भ्याले असतील," तो शेवटी म्हणाला. "पण मला? मी आजवर कुणावर हात उचलला न्हाई."

"हात उचलणाऱ्याला माणूस उलटून बोलतो, मुंजा."

ती एवढंच म्हणाली आणि उठली. टोपली आत ठेवली, पदर डोक्यावरून घेतला.

"चल. तुझी वाट दाखव मला."

पाऊस उघडला होता. पाणंद मठापासून लांब नव्हती. मुंजाजीनं लाकूड वर केलं, सरूमायला आत घेतलं, आणि सवयीनं पुन्हा आडवं टाकलं.

तांबूस मुरमाची वाट सरळ पुढं गेली होती. मधे किंचित उंच, कडांना उतार. दोन्ही चरांतून पाणी खळखळत चाललेलं. कुठं खड्डा नाही, कुठं डबकं नाही.

सरूमाय थांबून बघत राहिली.

"चांगली केलीस," ती म्हणाली. "लई चांगली."

मुंजाजीचा चेहरा उजळला. सकाळपासून पहिल्यांदाच.

"मग दीक्षा, माय?"

"वाट चालण्याजोगी झाली की."

"आता काय राहिलं?"

ती खाली बघत चालत होती.

"ही पावलं कुणाची?"

"माझी."

"अन् ही?"

"माझीच. सकाळी मुरूम ठोकून गेलो."

"अन् ती?"

ती चराच्या पलीकडे बघत होती. तिथं, शेताच्या कडेला, चिखलाचा नुसता काला झाला होता. बायांची पावलं, शाळेतल्या पोरांची, शेळ्यांची, एका जागी कुणीतरी घसरून पडल्याची हाताची खूण. त्याच्यापलीकडे कापसात ट्रॅक्टर रुतल्याचे खोल चर आणि आडवी झालेली झाडं. आणि तिथून पुढं चार अनवाणी माणसांची पावलं. भार घेतलेल्या माणसाची उमटतात तशी, घोट्यापर्यंत रुतलेली.

मुंजाजी चर ओलांडून पलीकडे गेला. त्या पावलांच्या कडेनं चालायला लागला. सरूमाय वाटेवरून त्याच्या बरोबरीनं चालली.

बरंच पुढं, डांबरी दिसायला लागली तिथं, पावलं एका जागी गोळा झाली होती. चिखलात बाजेच्या चार पायांच्या खुणा होत्या.

"हितं टेकवली त्यांनी बाज," मुंजाजी म्हणाला. "खांदे भरले असतील."

"हं."

त्यानं मान वळवून वाटेकडं पाहिलं. चराच्या अलीकडे ती जागा होती. चाळलेल्या मुरमाची. पारूची. बाजेवरून हात लांब केला असता तर लागली असती इतक्या जवळ.

"माय... ती हितं कण्हत पडली असंल. अन् बाजूला ही वाट. कोरडी. मोकळी."

सरूमाय वाटेच्या कडेला येऊन थांबली.

"पारूच्या पायी मी चिखल उपसला," तो म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाच नीट सापडेना. "म्हणजे... तिच्यासाठी... कुणाचं तसं होऊ नये म्हणूनच..."

तो तिथंच, बाजेच्या खुणांपाशी, चिखलात बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सरूमाय वाटेवर उभी राहिली. तिनं त्याला रडू दिलं.

डांबरीकडून ट्रॅक्टरचा आवाज आला.

शेषेराव होता, शेजारच्या गावातून ट्रॅक्टर मागून आणलेला. ट्रॉलीत कडबा पसरून त्यावर गोधड्या घातल्या होत्या, आणि वर शोभा बसली होती. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली लेक. बाजूला तिचा नवरा, झाकायला घोंगडी धरून. दवाखान्यातून घरी चालले होते.

ट्रॅक्टर पाणंदीच्या तोंडाशी आला. लाकूड आडवं. शेषेरावानं लाकडाकडं पाहिलं, वाटेत उभ्या असलेल्या सरूमायला दुरून हात जोडले, आणि स्टीअरिंग शेताकडं वळवलं.

"तिकडून नको!"

मुंजाजी उठून धावत सुटला. चर ओलांडताना एकदा पडला, पुन्हा उठला. लाकडापाशी पोचला आणि ते नुसतं वर करून थांबला नाही. खांबावरून काढलं आणि बाजूला टाकून दिलं.

"हिकडून या, शेषेरावभाऊ. हिकडून."

शेषेरावानं ट्रॅक्टर बंद केला नाही, पण पुढंही घेतला नाही.

"मुंजाभाऊ, जमीन ओली हाय. चाकोऱ्या पडतील."

"पडू द्या."

"खोल पडतील बाप्पा."

"मी हाय ना बुजवायला. या तुम्ही."

शेषेरावानं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग गिअर टाकला. मोठी चाकं मुरमावर चढली आणि मागं दोन ओल्या रेघा उमटत गेल्या. मुंजाजी ट्रॅक्टरच्या पुढं चालत होता, हातानं खूण करत, येऊ द्या, येऊ द्या.

त्या जागेपाशी त्याचा हात थांबला.

ट्रॅक्टरही थांबला. शेषेरावाला जागा ठाऊक होती. त्या दिवशी गाडीच्या चाकाला ज्यांनी खांदे लावले, त्यांतला एक तो होता.

"मुंजाभाऊ," तो हळू आवाजात म्हणाला, "कडेनं काढू का?"

"कडेनं चर हाय. ट्रॉली उलटंल."

"मग?"

तो त्या चाळलेल्या मुरमाकडं बघत होता. पावसानं तो दाबून बसला होता. त्यावर या पावसात कुणाचंच पाऊल उमटलेलं नव्हतं.

ट्रॉलीतून शोभा हे बघत होती. तिनं लेक नवऱ्याच्या हातात दिली आणि ट्रॉलीचा फाळका धरून उठायला लागली.

"मामंजी, मी उतरते. चालत येते तेवढं. तुम्ही ट्रॅक्टर मागंच राहू द्या."

ओल्या बाळंतिणीचा पाय फाळक्याबाहेर आला. तिला तेवढ्यानंच दम लागला होता.

"न्हाई बाई!" मुंजाजी पुढं झाला. "उतरू नको. बस तू. बस लेकरा."

तो एक पाऊल बाजूला सरकला. वाट मोकळी झाली. पण खूण करायला हात काही वर येईना. शेषेरावही तशा खुणेशिवाय पुढं यायला तयार नव्हता. इंजिन धडधडत राहिलं. दुपट्यातली लेक रडायला लागली.

मुंजाजीनं मागं पाहिलं. सरूमाय अगदी जवळ येऊन उभी राहिली होती.

"माय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला, "चाक पारूवरून जाईल गं..."

सरूमायनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग म्हणाली,

"तिला जाऊ दे, मुंजा."