उंबरतरचा टांगलेला हुकूम

उंबरतरच्या चावडीला चार भिंती आहेत, पण एकीवरही कागद चिकटवलेला सापडायचा नाही. मतदारांची यादी असो, लसीची नोटीस असो, नाहीतर कुणाच्या हरवलेल्या शेळीची खबर असो. सगळे कागद दारातल्या आडव्या दोरीला चाप लावून वाळत घातल्यासारखे लोंबत असतात. वाऱ्याने फडफडतात, पावसात भिजतात, तालुक्याचे साहेब येऊन वैतागतात. एका साहेबाने तर पदरमोड करून डिंकाची बाटली आणून दिली होती. ती फळीवर वाळून गेली. पाहुण्यांना याचे हसू येते. हसावे, हरकत नाही. पण मग घटकाभर पारावर टेकून हैबती भोयाची हकिकत ऐकावी.

गोष्ट संस्थानच्या अमदानीतली. साल कुणाला सांगता येत नाही. असे सांगतात की राणीसाहेबांची दोन मुले जन्मताच गेली होती आणि तिसऱ्या खेपेला वैद्य झाले, हकीम झाले, ज्योतिषी झाले, तरी राजाचा जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हा दरबाराने हुकूम काढला. श्रावण वद्य पंचमीला अवघ्या मुलखाने प्रार्थना करावी. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत नांगर चालू नये, जाते फिरू नये, बाजार भरू नये, नदीत नाव पडू नये. ज्याने त्याने आपापल्या देवाला साकडे घालावे की राणीसाहेब सुखरूप सुटोत. हुकूम चांगल्या मनाने काढलेला होता, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

हुकूम घेऊन स्वार आला तो घोड्यावरून उतरलाही नाही म्हणे. त्याला दिवस मावळायच्या आत आणखी बारा गावे करायची होती. कुलकर्णी त्या दिवसांत बहिणीकडे परगावी गेलेले, आणि गावात दुसऱ्या कुणाला अक्षराची ओळख नाही. स्वाराने खोगिरावर बसूनच कागद घडाघडा वाचला आणि मानाजी पाटलाच्या हातात देऊन टाच मारली. पाटील मोठा राजनिष्ठ गडी. दरबारचा कागद वाऱ्याने उडाला तर काय घ्या, म्हणून त्याने बायकोकडून ज्वारीच्या पिठाची दाट खळ शिजवून घेतली. कागदाच्या मागे चार बोटे जाड थापली आणि कागद भिंतीला असा चिकटवला की नखाने सुटू नये. वर हळदकुंकू वाहिले. मागच्या बाजूलाही दोन ओळी होत्या, त्या पाटलाने पाहिल्या होत्या. शाई उमटली असेल, असे त्याला वाटले.

हैबती उंबरतरच्या तरीवरचा नावाडी. बायको कधीच गेलेली, एकुलती लेक सारजा पैलतीरावरच्या वाडीत दिलेली. तिला पहिलटकरणीचे दिवस भरत आले होते. सत्तरीतली ठकूबाई सुईण राहायची अलीकडे, उंबरतरात. वाडीत कुणाचे बाळंतपण आले की पलीकडून थाळी वाजायची. त्या तरीची ती रीतच होती. उतारू असला तर एक ठोका, गुरे असली तर दोन, आणि कुणाचा जीव अडकला असला तर तीन. तीन ऐकले की हैबती हातातला घास टाकून उठायचा.

ठकूबाईने अजून पंधरा दिवस सांगितले होते. म्हणून पंचमीच्या पहाटे हैबती निर्धास्त होता. नावेला घालायची साखळी त्याने स्वतः खांद्यावरून घाटावर आणली. पाटलाने कुलूप घातले, किल्ली करगोट्याला बांधली. हैबती स्नान करून सगळ्यांबरोबर उभा राहिला आणि त्याने दोन बाळंतिणींसाठी हात जोडले. राणीसाहेबांचे नाव त्याने आधी घेतले, असे सांगतात.

नदी श्रावणाची, दोन्ही थड्या भरून चाललेली. घाटावर थाळ्या, टाळ, घंटा यांचा नुसता कल्लोळ. दुपार कलली आणि लोक दम खायला थांबले, तेव्हा पलीकडून थाळी ऐकू आली. लोकांना बरे वाटले. वाडीकरही प्रार्थनेला उभे राहिले म्हणायचे. हैबतीने मात्र मोजले. तीन. मग थांबून पुन्हा तीन.

"पाटील, किल्ली द्या. माझी सारजा हाय ती."

पाटलाचा चेहरा उतरला. "हैबती, तुझी लेक ती माझीबी लेक. पर आज नाव सुटली आन् तिकडं राणीसायबांचं वंगाळ झालं, तर? साऱ्या मुलखाचा नेम आपल्या गावानं मोडला, आसं व्हईल. दीस मावळूस्तवर दम धर."

"बाळंतीण दम धरती व्हय, पाटील?"

पाटलाने करगोट्यावर मूठ आवळली. किल्ली त्याने दिली नाही.

हैबती पट्टीचा पोहणारा. पण तो एकटा पलीकडे जाऊन करणार काय? हात हवे होते ठकूबाईचे, आणि ती तर गुडघाभर पाण्यातही उभी राहू शकत नव्हती. म्हातारी घाटाच्या पायरीवर आपली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. एवढ्या जन्मात तिने शेकडो पोरे सोडवली असतील, आणि आता मधे एक नदी होती म्हणून ती बसून होती. हैबतीने दगड उचलून साखळीवर घातला. दुसरा घातला. तेव्हा चार जण धावले आणि त्यांनी त्याला धरले. ते कुणी सरकारी शिपाई नव्हते. त्याचेच भाऊबंद होते, रडत होते, आणि तरी सोडत नव्हते. सकाळपासून देवापुढे जोडलेले हात आता त्याला आवळून बसले होते.

पलीकडे थाळी वाजत राहिली. तीन, तीन, तीन. मग ठोक्यांमधले अंतर वाढले. उन्हे उतरली तसे दोनच ऐकू येऊ लागले, मग एखादा. मग काही नाही. त्या शेवटच्या घटकेत घाटावर कुणी प्रार्थना म्हटली नाही, सगळे नुसते सूर्याकडे बघत होते.

सूर्य टेकला आणि पाटलाने कुलूप काढले. एक वल्हे त्याने स्वतः मारले. वाडीत पोचले तेव्हा जावई बयाजी थाळी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला होता. शेजारणींनी पोर वाचवली होती, मुलगी होती. सारजा गेली होती.

"किती येळ वाजवली, मामा," बयाजी एवढेच म्हणाला.

राजवाड्यात राणीसाहेब सुखरूप सुटल्या, मुलगा झाला. अकराव्या दिवशी गावोगाव साखर वाटली गेली आणि दरबाराने जाहीर केले की यापुढे दरसाल श्रावण वद्य पंचमी हा संस्थानचा प्रार्थनेचा दिवस. तो नवा कागद लावायला परत आलेले कुलकर्णी चावडीत गेले. जुन्या कागदामागची खळ झुरळांनी पार खाल्ली होती, हात लावताच तो आख्खा सुटून आला. कुलकर्ण्यांनी सवयीने उलटा करून पाहिला आणि मागच्या ओळींवरून दोनदा बोट फिरवले.

"वाचा," हैबती म्हणाला. तो दारात उभा होता.

"मागे लिहिले आहे..." कुलकर्ण्यांनी कागद उजेडाकडे धरला. "बाळंतीण, सर्पदंश आणि सरकारी टपाल, यांसाठी नाव अडवू नये."

"पुन्यांदा वाचा."

तीन वेळा वाचून घेतले त्याने, असे सांगतात. पाटील पागोटे काढून त्याच्या पायांशी बसला. म्हणाला, मला मार, गावातून काढ, काय वाटेल ते कर. हैबतीने त्याला बोटही लावले नाही. साखळी तेवढी घाटावर नेली आणि डोहात टाकली. मग म्हणाला, "पाटील, कागुद पुन्ना भिताडाला चिकटवू नगा."

संस्थान गेले, राजवाड्यात आता कॉलेज भरते, आणि बाकीचा मुलूख पंचमी केव्हाच विसरला. उंबरतर विसरलेले नाही. आजही त्या दिवशी पाटलाच्या घरातले कोणीतरी तो हुकूम हाताने लिहून दोरीला टांगते. सारजाच्या मुलीच्या वंशातली थोरली बाई पुढे येते, समोरच्या बाजूकडे बघतही नाही, कागद उलटा करते आणि मागच्या ओळी मोठ्याने वाचते. मग पैलतीरावरून थाळीचे तीन ठोके पडतात. पूल होऊन तीस वर्षे झाली, तरी घाटावर एक नाव ठेवलेली आहे, साखळीशिवाय. आरोग्य केंद्रातली नर्सबाई आपली पिशवी घेऊन तिच्यात बसते आणि नाव सुटते. घाटावर सारा गाव उभा असतो, पण नाव पलीकडे टेकेपर्यंत कोणी हात जोडत नाही.