घाटातला रांजण

"…आणि नाही म्हटलं, तर फौजेचा पगार मी कुठून देऊ, बाबा? तेवढं सांगा."

मार्तंडपंत घाट चढून आल्यापासून बोलतच होते. मध्ये थांबले ते फक्त पाणी प्यायला. वाटेवरच्या रांजणात तांब्या बुडवला, एक प्याले, दुसरा तळाशी खरवडून भरला, तोही प्याले, आणि पुन्हा सुरू. दिवाण माणूस! सगळं संस्थान ज्याच्या तोंडाकडे बघत उभं राहतं, त्याला गप्प बसायची सवय कुठून असणार?

समोर मठाच्या दारातल्या चिंचेच्या सावलीत भानुनाथबाबा पत्रावळी लावत बसले होते. ऐंशी उलटलेली, पण टाका चुकत नव्हता. याच बाबांच्या मठात मार्तंडपंत लहानपणी अकरा वर्षं शिकले होते. त्याला आता पस्तीस वर्षं झाली.

"पलीकडच्या राज्यात राजाला मारलं. दोघे मुलगे एकमेकांच्या उरावर बसलेत. व्यापाऱ्यांचे तांडे बंद, म्हणून आपली जकात बुडाली. इकडे महाराजांना युवराजांच्या लग्नात पन्नास हत्ती हवेत. बंदरावरचा सावकार पैसे द्यायला तयार आहे. पण गडबडीचे दिवस बघून मेल्यानं व्याज दुप्पट केलंय. आणि तारण…"

"तारण काय?"

"पुढच्या वीस वर्षांचा सारा."

पंतांनी शेल्यातून कागद काढला. सगळं लिहून झालं होतं. शिक्का तेवढा उमटायचा होता, आणि शिक्का पंतांच्याच कमरेला होता. सावकाराचा माणूस खाली गावात थांबला होता. दिवस मावळेपर्यंत थांबणार होता.

"असा हा कितवा?" बाबांनी विचारलं.

"आठवा."

"आधीचे सात फिटले?"

"दुसऱ्यातून पहिला फेडला. तिसऱ्यातून दुसऱ्याचं व्याज. चौथ्यातून…" पंतांचा आवाज खाली आला. "बाबा, आग परमुलखात लागली. त्यात माझा काय दोष?"

"मला राज्याचे हिशेब कळत नाहीत रे. रांजणात बघ."

पंतांनी वाकून पाहिलं. "रिकामा आहे."

"तू आलास तेव्हा नव्हता."

पंत ओशाळले. मठाचा रिवाज ते कसे विसरले, देव जाणे! या रांजणातलं पाणी आधी प्यायचं. मग साठ पायऱ्या उतरून झऱ्यावर जायचं, एक कळशी भरून आणायची आणि रांजणात ओतायची. प्यायचं ते पुढं गेलेल्या माणसाचं, भरायचं ते मागून येणाऱ्यासाठी. आपल्याला त्या दोघांचीही गाठ पडायची नाही. अकरा वर्षं रोज केलं होतं पंतांनी हे.

"खाली माझे दोन शिपाई आहेत. सांगतो त्यांना."

"तहान शिपायांना लागली होती?"

पंतांनी पगडी काढून ठेवली, कळशी उचलली आणि निघाले.

झऱ्याशी पोचले आणि धार शोधू लागले. त्यांच्या लहानपणी इथं मनगटाएवढी धार होती. आता करंगळीएवढीही नव्हती. थेंबाला थेंब लागत होता, इतकंच. आणि हे कुणी केलं, ते पंतांना पक्कं ठाऊक होतं. चार वर्षांमागे फौजेच्या रस्त्यासाठी वरचा कातळ सुरुंग लावून फोडायचा होता. म्हातारा पाथरवट हात जोडून म्हणाला होता, "सरकार, पाण्याची शीर तुटंल." पंत म्हणाले होते, "आधी रस्ता." तो चौथा कागद. रस्ता झाला, थेट सरहद्दीपर्यंत गेला, आणि आता त्यावर गवत वाढलं होतं.

कळशी भरायला दोन घटका गेल्या.

वैशाखातलं ऊन, साठ पायऱ्या, आणि एरवी चाळीस पावलं चालायची तर पालखी मागवणारा माणूस. धापा टाकत वर येईपर्यंत अर्धी कळशी अंगावरच सांडली. उरलेली रांजणात ओतली, पण घशाला कोरड पडली होती. पंतांनी बाबांकडे पाहिलं. बाबा पान टोचत होते.

मीच तर भरलंय, असं म्हणून पंत तांब्याभर प्याले. मग आणखी एक. मग वाड्यावरच्या सवयीनं चूळ भरली, तोंड धुतलं, पाय धुतले.

"हुश्श!" म्हणत ते सावलीत टेकले.

तेवढ्यात पलीकडच्या अंगानं एक बाई वर आली. पाठीवर सासरा बांधलेला. पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरे. पळून आलेली माणसं कशी दिसतात, ते पंतांनी आजवर फक्त खलित्यांत वाचलं होतं. म्हाताऱ्याला खाली ठेवून ती रांजणाशी गेली. आत वाकली. तशीच वाकून राहिली.

"पुढचं कुणी भरून गेलं नाही का, बाबा?"

पंतांनी मान खाली घातली. धुतलेले पाय धोतराखाली ओढून घेतले.

"भरलं होतं, बाई," बाबा म्हणाले. "भरणाराच परत प्याला."

ती कळशीकडे वळली. शिव्या दिल्या असत्या तर पंतांना बरं वाटलं असतं. तिनं कळशीला हात घातला, तशी पंतांनी ती तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली आणि पायऱ्यांकडे धावले. दिवाण संस्थानाचा, डोक्यावर पगडी नाही, पायात जोडा नाही!

पुन्हा दोन घटका. थेंबाला थेंब. या वेळी एक थेंब सांडू दिला नाही त्यांनी.

म्हातारा प्याला, मग बाई प्याली. पिऊन झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कळशी उचलली.

"अगं, राहू दे," पंत म्हणाले. "तू परमुलखातली. त्यात दमलेली. तू कशाला भरतेस?"

"मागनं माणसं येत्यात, दादा. लई माणसं येत्यात."

ती भरून आली, ओतली, सासऱ्याला पाठीवर घेतलं आणि उतरणीला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत पंत बघत राहिले.

मग त्यांनी शेल्यातून कागद काढला. मधोमध फाडला. पुन्हा फाडला.

"हा आठवा माझ्या हातून होणार नाही. युवराजांचं लग्न हत्तींवाचून होईल. फौजेला पगाराऐवजी धान्य देऊन थांबवून बघतो. दिवाणगिरी जाईल… जाऊ दे." त्यांनी हातातल्या तुकड्यांकडे पाहिलं. "पण ते सात, बाबा? त्यांवर माझाच शिक्का आहे. ज्यांच्या माथी ते मारले, ती पोरं अजून जन्मलीसुद्धा नाहीत. माझ्या हयातीत ते फिटायचे नाहीत. काय केलं हो मी हे!"

आणि पस्तीस वर्षांत कुणासमोर न रडलेला तो माणूस हमसून हमसून रडला.

बाबांनी हातातली पत्रावळ खाली ठेवली.

"तुझी आकडेमोड बघून मीच तुला दरबारी धाडलं, मार्तंडा. मला फार कौतुक होतं तुझं. चुकलंच माझं."



खाली गावाकडून शिपायाची हाक आली. सावकाराचा माणूस घाई करत होता. पंत जागचे हलले नाहीत.

बाबांनी कपाळावर हात धरून सूर्याकडे पाहिलं. मग कळशी उचलली आणि पंतांच्या पायाशी आणून ठेवली.

"मावळायला अजून दोन घटका आहेत. एक कळशी होईल."