पिवळे तळवे

एका गावात एक म्हातारे वैद्य होते. त्यांची परीक्षा घ्यायची तऱ्हा साऱ्या पंचक्रोशीहून निराळी. शिष्यासमोर रोगी बसवायचा आणि शिष्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत बोलत निदान करायचं. जो उतरेल त्याला औषधांचा बटवा मिळे आणि रोगी तपासायची मुभाही.

त्या वर्षी परीक्षेला दोन शिष्य होते. एक चटपटीत, दुसरा संथ आणि आधी नापास झालेला. यंदाही बटवा मिळाला नाही तर औत धरायला घरी ये, असा बापाचा निरोप आला होता.

वैद्यांनी एका थकलेल्या बाईला बसवलं आणि विचारतील तेवढंच सांग, म्हणाले.

चटपटीत शिष्य आधी आत गेला. त्याने बाईचे पिवळे तळवे पाहिले, भूक लागत नाही एवढं ऐकलं आणि कावीळ ठरवून जुलाब आणि लंघन सांगून मोकळाही झाला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

तो कोपऱ्यात बसला आणि मग संथ शिष्य आला. तळवे पाहून तोही म्हणाला, "कावीळ दिसते." मग त्याने बाईचे डोळे पाहिले आणि तो थबकला. डोळे पांढरे स्वच्छ होते. कावीळ तर डोळ्यांत आधी दिसते. शब्द मागे घ्यावा तर पुन्हा नापास, न घ्यावा तर या अशक्त बाईला जुलाब आणि उपास.

"गुरुजी, मी चुकलो. ही कावीळ नव्हे," तो म्हणाला. "मावशी, तुम्ही काम काय करता?"

"लग्नसराईची हळद कांडते, बाबा."

"म्हणजे तळवे हळदीने पिवळे. पण थकवा उरतोच." त्याने तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतून ती फिकट होती. "अंगात रक्त कमी आहे. कशाने, ते मला अजून कळलेलं नाही. पण यांना उपाशी ठेवू नका."

वैद्यांनी बटवा त्याच्या हाती दिला. चटपटीत शिष्य हिरमुसला. पहिल्यांदा हाही कावीळच म्हणाला होता, अशी त्याने तक्रार केली.

"म्हणाला होता खरा," वैद्य म्हणाले. "पण म्हटल्यावरही तो बघत राहिला. तुझी नजर चांगली आहे रे, तिला थांबायला शिकव. वर्षभर माझ्याजवळ राहा. वैद्यकी म्हणजे पी हळद नि हो गोरी नव्हे."

हळद कांडणाऱ्या बाईला हसू आलं. नव्या वैद्याचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. बटवा मांडीवर ठेवून तो पुन्हा तिच्यासमोर बसला होता. "मावशी," तो विचारत होता, "रोज जेवता काय?"

तात्पर्य: आपलं पहिलं उत्तर जो पुन्हा तपासतो, त्याच्या हाती रोग्याने निर्धास्त हात द्यावा.