उजळलेली डुकरीण

पूर्वी सुवर्णवती नगरीवर अरिंदम राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने डुकरे राखणाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. नगराबाहेर गृहपती सुदंताचे डुकरांचे वाडगे होते. तिथल्या डुकरिणी बोधिसत्त्व सांभाळी. सुदंत मोठा हौशी. गाभण डुकरिणींनी चिखलात तोंड घालू नये म्हणून त्याने त्यांच्यासाठी दगडी फरशी घातली होती, आणि वाडग्याचे दार सदा बंद ठेवी.

तिथे एक रीत होती. डुकरिणीची ओळीने तीन वेते वाया गेली, तर ती राखणाऱ्याने कापून खावी.

केतकी नावाच्या डुकरिणीची दोन वेते तशी गेली होती. सकाळी कळा लागल्या की संध्याकाळ व्हायची, आणि पिल्ले मेलेलीच बाहेर यायची. आता ती तिसऱ्यांदा गाभण होती. सुदंत मात्र खूश.

"कशी उजळलीय बघ! पहिलटकरणीसारखी," तो म्हणाला.

बोधिसत्त्वाच्या मनात तो शब्द अडकला. इथे उजळतात त्याच अडतात, असे का? त्याने केतकीचे तोंड उघडून पाहिले. हिरड्या धुतलेल्या कापडासारख्या. मग तो तिच्या डोळ्यांत पाहू लागला.

तेवढ्यात त्याची बायको उप्पला भाकरी घेऊन आली. "अहो, डुकरिणीच्या डोळ्यांत एवढं वाकून बघता, माझ्या कधी पाहिलंत?"

"ये इकडे," म्हणत त्याने खरोखरच तिची खालची पापणी ओढली. ती दचकून मागे सरली. "अगं बाई! थट्टा केली हो मी!"

पण त्याने पाहिले होते. उप्पलेची पापणी आतून डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होती, केतकीची पांढरीफटक.

"ही उजळलेली नाही," तो हळूच म्हणाला. "हिचं रक्त आटलंय. कळा द्यायला जोर कुठून यायचा? पिल्लं आतच गुदमरत असणार."

मग मोकळ्या डुकरिणी काय खातात हे कळावे म्हणून तो तीन दिवस नदीकाठी बसून रानडुकरिणी पाहत राहिला. त्या तांबडी दरडच उकरीत, माती खात, आणि त्यांच्यामागे पिल्लांची रांग असे.

"गप्प बसा ना," उप्पला म्हणाली. "हे वेत गेलं की केतकी आपली."

"त्यासाठी तिच्या पोटातले आठ-दहा जीव मरू द्यायचे? आता मला कळलंय, अगं. रक्त त्या तांबड्या मातीतून येतं, आणि फरशीने तीच तोडलीय."

तो सुदंताकडे गेला. ऐकून सुदंत भडकला. "माझ्या फरशीला नावं ठेवतोस? गाभणीला माती चारायची?"

"चुकलो तर मला हाकला, मालक. पण एकदा पापणी बघा."

"आधी माझी बघ!" सुदंत गुरकावला. ती लाल निघाली. मग तो स्वतः केतकीजवळ वाकला आणि त्याने तिची पापणी ओढली; ती पांढरी होती. शेवटी त्याने दाराचा अडसर काढला.

दोन महिने केतकीने तांबडी माती उकरली, नदीकाठचा पाला खाल्ला. वेणा सुरू झाल्या त्या सकाळी सुदंतही आला. ऊन चढेपर्यंत आठ पिल्ले झाली, आठही जिवंत. आणि कळा थांबल्या. पुन्हा तसेच होणार की काय? सुदंत कपाळ धरून खाली बसला. इतक्यात केतकीचे पोट दगडासारखे घट्ट झाले, आणि नववे पिल्लू बाहेर पडले. ते हलेना. बोधिसत्त्वाने त्याचे तोंड पुसले, गवताने अंग चोळले, चोळतच राहिला. पिल्लू किंचाळले.

"गेली हो आपली डुकरीण," उप्पला डोळे पुसत हसली.

भिक्षूंना ही गोष्ट सांगणारे शास्ते, त्यांचे गुरू, एवढे सांगून थांबले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, या सभेत बसलेली, प्रश्न विचारताना अडखळणारी ही भिक्षुणी तेव्हा उप्पला होती. चूक कळताच ऐकणारा, आपल्याला दान देणारा हा उपासक तेव्हा सुदंत होता. नव्या मातांची शुश्रूषा करणारी उपासिका ही केतकी. डुकरे राखणारा मीच. त्या जन्मी मी प्रज्ञा जोपासली. दुःख कुठून येते हे शोधल्यावाचून कोणाचे दुःख हलके करता येत नाही."