मिरी मुंगीची साखर आणि तीस चिंचोके

मिरी मुंगी निघाली बारशाला. भावाच्या बाळाचं बारसं. मिरी झाली आत्या! आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? डोक्यावर घेतला साखरेचा दाणा. तुरु तुरु, तुरु तुरु.

घड घड घड! कट्ट्यावरून चिंचोके सांडले. मिरी सुटली, पण साखर ढिगाखाली अडकली!

मिरी रडली? छे! ती ढिगावर चढली. एक-एक चिंचोका मोजला. तीस!

"चिंचोक्यांनो, सरका!"

"नाही सरकत, जा! एक-एक सुटा होईपर्यंत आमचे कुणी वाटे केले, तर सरकू."

मिरी गेली कोंबड्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"कोंबडेदादा, कोंबडेदादा,
चिंचोके सरकेनात,
साखर निघेना,
बाळाचं बारसं होईना!"

"माझे पाय दोन. मी करीन दोन वाटे. पण आधी बेल वाटेल, मग मी!"

मिरी गेली बेलाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"बेलकाका, बेलकाका,
कोंबडा वाटेना,
चिंचोके सरकेनात,
साखर निघेना,
बाळाचं बारसं होईना!"

"माझी पानं तीन-तीन. मी करीन तीन वाटे. पण आधी जास्वंद वाटेल, मग मी!"

मिरी गेली जास्वंदीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"जास्वंदीताई, जास्वंदीताई,
बेल वाटेना,
कोंबडा वाटेना,
चिंचोके सरकेनात,
साखर निघेना,
बाळाचं बारसं होईना!"

"माझ्या पाकळ्या पाच. मी करीन पाच वाटे. पण काही उरलं तर? काल बकरीनं चार वाटे केले. दोन चिंचोके उरले. केवढं भांडण झालं, बाई!"

मिरीनं कमरेवर हात ठेवले.

"मी मोजलेत! तीस आहेत. एकही उरणार नाही!"

"नक्की?"

"अगदी नक्की!"

मग जास्वंद वाटू लागली. टप टप टप! पाच वाटे. प्रत्येकात सहा. उरलं काय? काही नाही!

मग बेल वाटू लागला. सळ सळ सळ! प्रत्येक वाट्याचे तीन वाटे. प्रत्येकात दोन. उरलं काय? काही नाही!

मग कोंबडा वाटू लागला. फर्र फर्र! हा एक इकडे, तो एक तिकडे. उरलं काय? काही नाही!

आता एकाचे वाटे कसे करायचे? एक तो एकच! चिंचोके सरकले. घरंगळ, घरंगळ, घरंगळ.

खाली चमचम साखर!

मिरी धावली. तुरु तुरु, तुरु तुरु! पाळणा थांबला होता. सगळे आत्याची वाट बघत होते. मिरी बाळाच्या कानाशी वाकली.

"कुर्रर्र! बाळाचं नाव तीसू!"

आत्यानं तीसूला साखर चाटवली. तीसूनं मिटक्या मारल्या. चट चट चट!

उरलं काय? काही नाही!