कुलपातलं पुस्तक

घाटमाथ्यावरच्या एका गावात तुळाजी धनावडे नावाचा माणूस राहत होता. त्याच्याकडे एक जीप होती, पण ती हौसेची नव्हती. त्याची बायको सरू हिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा घाट उतरून जिल्ह्याच्या इस्पितळात रक्त शुद्ध करून घेतलं, तरच ती जगणार होती. एस.टी. माथ्यापर्यंत येत नव्हती.

गाडी तुळाजीची होती. कागदपत्रं त्याच्या नावाची होती. पण गाडीत एक पिवळा दिवा होता, आणि तो का लागला हे जाणण्याचा हक्क तुळाजीला नव्हता. टाकीचं झाकण सैल राहिलं तरी तोच दिवा लागे, आणि जीव जाण्याजोगा बिघाड झाला तरी तोच. नेमकं काय झालं आहे ते कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. ते पुस्तक कंपनी कुलपात ठेवी. कुणी मागितलं तर म्हणे, "गैरवापर होईल." पुस्तकं लपवणाऱ्यांचं कारण नेहमी हेच असतं.

एका सकाळी दिवा लागला. सरूला रक्त शुद्ध करायला त्याच दिवशी इस्पितळात जायचं होतं.

गावात दाऊद मिस्त्री होता. तीस वर्षं त्याने मोटारी, पंप, पिठाच्या गिरण्या दुरुस्त केल्या होत्या. त्याने ऑइल पाहिलं, पाणी पाहिलं, ब्रेक दाबून पाहिला. सगळं ठीक वाटलं. मग त्याने आपलं हातातलं छोटं यंत्र गाडीला जोडलं. यंत्रावर चार आकडे उमटले.

"आकडा दिसतोय, तुळाजी. त्याचा अर्थ त्यांच्या पुस्तकात."

"अंदाज सांग की. एवढा मोठा मिस्त्री तू."

"अंदाजाने गिरणी चालवेन. हिच्यात वहिनी बसणार आहेत. मला माहीत नाही, हेच खरं."

दाऊदने कंपनीच्या वर्कशॉपला फोन लावला आणि तुळाजीच्या हातात दिला.

तिकडे विश्राम केळसकर नावाचा कारकून होता. कुलपाची किल्ली त्याच्याकडे असे. त्याने आकडा ऐकला, पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं. त्याचं बोट तिथेच राहिलं. ब्रेकला जोर देणाऱ्या नळीतून हवा निसटते आहे, असं तिथे लिहिलं होतं. सपाटीला काही कळणार नाही. लांब उतारावर ब्रेक दगडासारखा होईल. गाडी हलवू नये.

"साहेब, कशाचा दिवा आहे?" तुळाजीने विचारलं.

विश्रामने मान वळवली. काचेपलीकडे मॅनेजर बसला होता. पुस्तकातलं अक्षर बाहेर सांगणाऱ्या दोघांना गेल्या महिन्यात घरी बसवलं होतं. विश्रामने पुस्तक मिटलं.

"गाडी घेऊन या. पुढच्या महिन्याची एकवीस तारीख मिळेल."

"एकवीस? बायकोला आजच न्यायचंय हो, इस्पितळात. चालवू का नको, एवढं तरी सांगा."

"फोनवर सांगता येत नाही," विश्राम म्हणाला. आवाज त्याने अगदी शांत ठेवला. मग फोन ठेवला.

तुळाजीने विचार केला. तिकडे त्या माणसासमोर पुस्तक असणार, त्याने ते वाचलं असणार. जीवाचा धोका असता तर तो बोलला असता. माणूसच आहे तो. त्या माथ्यावर कुणाची गाय कड्याकडे चालली तरी लोक शेतातून ओरडत. न ओरडणारा माणूस तुळाजीने पाहिलाच नव्हता.

गाडी सुरू झाली. दिवा जळतच होता. तुळाजीचं लक्ष रस्त्यावर राहीना. सरूने कपाळाची टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली.

"त्याच्याकडे नका बघू. रस्त्याकडे बघा."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण घरी बसले तर जास्त वाटते."

पहिली दोन वळणं बरी गेली. तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबला तर तो दबेना. तुळाजीने दोन्ही पाय दिले. पायाखाली जणू फरशी होती. गाडीचा वेग वाढला. डावीकडे दरी, उजवीकडे डोंगर. सरू ओरडली नाही. तिने फक्त त्याचा दंड धरला.

याच वेळी विश्रामच्या हाताने आपण होऊन फोन उचलला. मघाशी फोन आला होता तो नंबर त्याने लावला; तो दाऊद मिस्त्रीचा होता.

"गाडी हलवू नका! ब्रेक आहे!"

"साहेब," दाऊद म्हणाला, "ते घाटात उतरले."

तुळाजीने गाडी डोंगरावर घातली. सरूच्या बरगड्या मोडल्या, पण ती वाचली. दुधाच्या टेम्पोने दोघांना इस्पितळात पोचवलं. तुळाजीचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौथ्या दिवशी कंपनीचे साहेब इस्पितळात आले. सोबत विश्रामला आणलं होतं, सहीसाठी. कागदावर लिहिलं होतं: 'धोक्याचा दिवा लागलेला असताना मालकाने गाडी चालवली. कंपनीने गाडी आणण्यास कळवले होते.'

"कर सही," साहेब म्हणाले.

"थोडं थांबा, वाचतो," विश्राम म्हणाला.

खाटेवरून तुळाजीने डोळे उघडले. "हा आवाज मला ठाऊक आहे," तो विश्रामकडे बघत म्हणाला. "साहेब, तुमच्या आवाजात भीती नव्हती, म्हणून मी निघालो."

विश्रामच्या हातात पेन होतं. त्याने ते खाली ठेवलं. "मी सही करणार नाही. दिव्याने यांना काही सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं." आणि त्याने पुस्तकातली ती ओळ सगळ्यांसमोर पाठ म्हणून दाखवली.

खाटेशी बसलेल्या दाऊदने ती ऐकली. "नळीची पट्टी आवळायची होती," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम."

त्या संध्याकाळी विश्रामची नोकरी गेली. तुळाजीचा पाय आधीच गेला होता.

तात्पर्य: जे न कळल्याने माणूस मरू शकतो, ते कुलपात ठेवणारा चोर असतो, आणि ते ठाऊक असून भीतीने गप्प बसणारा त्या चोराचा पहारेकरी.